फुल कोर्ट प्रेस आणि दहा दिवसांचा करार

दोन हजारच्या दशकात आयटीत असलेल्या मंडळींना 'टिबको' हे नाव नक्की आठवत असेल. नोकरीच्या जाहिरातींत जावा आणि ओरॅकलच्या खालोखाल 'टिबको डेव्हलपर पाहिजेत' असायचं, आणि ज्याला टिबको येतं त्याचा भाव जरा वरच असायचा. सीप्झला जाणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये असा एक जण होता. त्याला दर सहा महिन्यांनी नवी ऑफर यायची आणि दर वेळी आम्ही त्याच्याकडून पार्टी उकळायचो. ही कंपनी मूळची कुणाची, याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं.

टिबको म्हणजे 'द इन्फर्मेशन बस कंपनी'. बस म्हणजे बेस्टची नव्हे, कॉम्प्युटरच्या आतली. मदरबोर्डवरच्या बसवर माहिती आली की तिथे जोडलेल्या सगळ्या कार्डांना ती एकदमच दिसते, कुणाला कुणाकडे मागायला जावं लागत नाही. हीच कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणून वॉल स्ट्रीटच्या ट्रेडिंग फ्लोअरला विकणारा माणूस म्हणजे विवेक रणदिवे. जन्म १९५७, मुंबई. बालपण जुहूला, म्हणजे आपल्याच पश्चिम उपनगरातलं. एमआयटीला प्रवेश मिळाला तेव्हा वय सोळा-सतरा. त्या काळात परकीय चलन मिळवणं म्हणजे दिव्य होतं. हा मुलगा थेट रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या ऑफिसबाहेर ठाण मांडून बसला आणि परवानगी घेऊनच उठला अशी हकिकत सांगतात. अमेरिकेत उतरला तेव्हा खिशात पन्नास डॉलर.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ आहे, फक्त नावं बदलतात. पुढची गोष्ट बास्केटबॉलची आहे, आणि आज लिहायचंय ते तिच्याबद्दल.

मे २००९ मध्ये माल्कम ग्लॅडवेलने 'न्यूयॉर्कर'मध्ये एक लेख लिहिला होता. रणदिवे आपल्या मुलीच्या शाळकरी बास्केटबॉल टीमचा कोच झाला, त्याची कहाणी. साहेब स्वतः आयुष्यात कधी बास्केटबॉल खेळलेले नाहीत. मुली बारा वर्षांच्या, बहुतेक सिलिकॉन व्हॅलीतल्या इंजिनिअर लोकांच्या. उंची बेताची, नेम बेताचा. रणदिवेला एक गोष्ट खटकली. एका संघाने बास्केट केली की तो गपचूप मागे पळत आपल्या अर्ध्यात जातो आणि समोरच्यांना चेंडू आरामात घेऊन येऊ देतो. चौऱ्याण्णव फुटांचं मैदान, आणि बचाव होतो जेमतेम शेवटच्या पावभागात! मग बाकीच्या मैदानाचं काय लोणचं घालायचं?

म्हणून त्याच्या मुली चेंडू आत येतो तिथूनच अडवायला लागल्या. बाहेरून चेंडू आत टाकायला पाच सेकंद आणि तो अर्ध्या मैदानापलीकडे न्यायला दहा सेकंद, असा नियम आहे. बारा वर्षांच्या पोरींना अंगावर कुणी धावून आलं की पाच सेकंदांत काही सुचत नाही. चेंडू हातातून सुटतो, आणि तिथून बास्केट दोन पावलांवर. नेम बेताचा असला तरी चालतं. याला म्हणतात फुल कोर्ट प्रेस. ही बेताची टीम थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेली.

हा लेख आमच्या कंपनीत फॉरवर्ड होत होत निदान चार वेळा माझ्याकडे आला असेल. एका मॅनेजरने तर त्याचं पीपीटी केलं होतं. आपल्या लोकांना ही गोष्ट एवढी का आवडते? माझ्या मते तिच्यात आपली स्तुती आहे. ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही असा सॉफ्टवेअरवाला येतो, ताज्या नजरेने बघतो, आणि वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्यांना जे दिसलं नाही ते त्याला दिसतं. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला मनातून असंच वाटत असतं. बँकेत गेलो की वाटतं ही सिस्टीम मी दोन महिन्यांत सरळ केली असती. लोकलचं टाइमटेबल बघितलं की तेच. (खरं सांगा, वाटतं की नाही?)

प्रेसवर टीका करणाऱ्यांपैकी काहींनी ही लबाडी आहे असं म्हटलं. ते मला अजिबात पटत नाही. नियमात आहे, आणि पूर्ण सामना मैदानभर धावायला छातीत दम लागतो. त्या पोरी इतरांपेक्षा जास्त धावल्या, म्हणून जिंकल्या. दुसरी टीका मात्र विचार करायला लावणारी आहे. बाराव्या वर्षी पोरींनी शिकायचं काय? पास, ड्रिबल, पायांची हालचाल, नेम. समोरच्याला चेंडूच आत आणू द्यायचा नाही म्हटलं की दोन्हीकडच्या पोरी यातलं काहीच शिकत नाहीत. शिवाय रणदिवेच्या मदतीला रोमेट्रा क्रेग होती, अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांतून खेळलेली अस्सल खेळाडू. फॉरवर्डमध्ये ती कुणाच्या लक्षात राहत नाही. अडाणी कोचच्या गोष्टीत जाणकार माणसाची अडचणच होते ना!

खरी परीक्षा पुढे झाली. २०१० मध्ये रणदिवे गोल्डन स्टेट वॉरियर्स या एनबीए संघाचा भागीदार झाला आणि २०१३ मध्ये ती भागीदारी सोडून त्याने आपल्या गटाकरवी सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ घेतला. भारतात जन्मलेला माणूस एनबीएच्या एखाद्या संघाचा प्रमुख मालक होण्याची ही पहिलीच वेळ. आपल्याकडच्या पेपरांत तेव्हा छान रकाने भरून आले होते.

मग काय झालं? २०१४ च्या मोसमात संघाची सुरुवात बरी झाली. मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स आजारी पडला, काही सामने गेले, आणि डिसेंबरमध्ये कोच मायकेल मलोनला काढून टाकलं. तेव्हा त्याचा हिशेब होता ११ विजय, १३ पराभव. म्हणजे बघा, टीममधला सगळ्यात चांगला डेव्हलपर मेनिंजायटिसने अंथरुणाला खिळलाय, डिलिव्हरी जरा घसरलीये, आणि कंपनी टीम लीडला घरी पाठवते. मालकाला संघ आणखी वेगात, आणखी वेगळ्या पद्धतीने खेळायला हवा होता. चौघांनीच बचाव करायचा आणि पाचव्याने समोरच्या बास्केटजवळ उभं राहायचं, अशी सूचना त्याने केल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत कोच येत गेले आणि जात गेले. २००६ नंतर किंग्ज प्लेऑफमध्ये पोहोचले ते थेट २०२३ मध्ये. सलग सोळा मोसम बाहेर, एनबीएतला विक्रम. आणि २०२३ मध्ये पहिल्याच फेरीत हरवलं कुणी, तर वॉरियर्सने. ज्यांची भागीदारी साहेबांनी सोडली होती तेच, आणि मधल्या काळात चार वेळा चॅम्पियन झालेले. काढलेला मलोन डेन्व्हरला गेला आणि त्याच २०२३ मध्ये तिथे चॅम्पियन झाला. (२०२५ मध्ये त्याला डेन्व्हरनेही काढलं. धंदाच तसला आहे.)

यात रणदिवेला हसण्याचा हेतू नाही. सॅक्रामेंटोमध्ये तेव्हा मोठा व्यावसायिक संघ हा एकच होता. २०१३ मध्ये तो सिएटलला हलवायचं जवळजवळ ठरलं होतं. शहराचा महापौर केव्हिन जॉन्सन, स्वतः जुना एनबीए खेळाडू, त्याने आकाशपाताळ एक केलं, आणि रणदिवे पैसे घेऊन उभा राहिला म्हणून संघ तिथे टिकला. हे त्याचं श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. बारा वर्षांच्या मुलांना पाच सेकंदांत गोंधळात टाकता येतं. ज्याने पंधरा वर्षं रोज सकाळी उठून त्या पाच सेकंदांचाच सराव केलाय, त्याला नाही टाकता येत. व्यावसायिक खेळाडू म्हणजे नेमकं हेच. युक्त्या संपल्यावर उरतो तो.

असा एक खेळाडू त्याच किंग्जमध्ये होता. त्याच्याविषयी आपल्याकडे कुणी पीपीटी करत नाही. गॅरेट टेंपल.

२००९ च्या ड्राफ्टमध्ये साठ खेळाडू निवडले गेले. टेंपल त्यात नव्हता. एनबीएमध्ये दहा दिवसांचा करार नावाचा प्रकार असतो. संघात कुणी जखमी झालं की दहा दिवसांसाठी बोलावतात, पुढे बघू म्हणतात. पहिल्याच मोसमात टेंपल ह्यूस्टन, सॅक्रामेंटो आणि सॅन अँटोनियो अशा तीन संघांत फिरला. पुढच्या वर्षी मिलवॉकी, शार्लट. मग थेट इटलीतला एक क्लब. मधेमधे छोट्या लीगमध्ये. आपल्याकडे प्रोजेक्ट नसलेल्या माणसाला 'बेंचवर आहे' म्हणतात तो शब्द याच खेळांतून आलाय, पण आपल्या बेंचवर निदान महिन्याच्या शेवटी पगार जमा होतो. टेंपलच्या बेंचला अकराव्या दिवसाची खात्री नव्हती. डिसेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टनने घेतलं, तिथे टिकला. २०१६ मध्ये किंग्जने तीन वर्षांचा, दोन कोटी चाळीस लाख डॉलरचा करार दिला. पुढे मेम्फिस, क्लिपर्स, ब्रुकलिन, शिकागो, न्यू ऑर्लिन्स, आणि २०२३ मध्ये टोरांटो.

तो स्टार कधीच नव्हता. अशा खेळाडूला संघ घेतात ते समोरच्या चांगल्या खेळाडूला अडवायला, नव्या पोरांना वळण लावायला, आणि अनेकदा नुसतं बसून राहायला. नुसतं बसणं सोपं नाही हो! चाळीस सामने बसलात आणि एकेचाळिसाव्यात अचानक सहा मिनिटं उतरवलं, तर त्या सहा मिनिटांत चुका न करणं ही वेगळीच कला आहे. मला हे प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांसारखं वाटतं. महिनाभर कुणी विचारत नाही, आणि रात्री दोनला फोन वाजला की सगळं जग तुमच्याकडे बघत असतं.

टेंपलच्या घराण्याचीही एक बाजू आहे. तो लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतून खेळला. त्याच्या आजोबांना काळे म्हणून त्याच विद्यापीठाने प्रवेश नाकारला होता. वडील तिथल्या बास्केटबॉल संघातले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. आणि हा तिसऱ्या पिढीतला. खेळाडूंच्या युनियनच्या उपाध्यक्षपदावरही निवडून आला.

आता २०१८ ची गोष्ट. १८ मार्चच्या रात्री सॅक्रामेंटो पोलिसांनी स्टेफॉन क्लार्क नावाच्या बावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला त्याच्या आजीच्या परसात गोळ्या घातल्या. हातात बंदूक आहे असं वाटलं म्हणे. निघाला मोबाइल. २२ तारखेला निदर्शकांनी किंग्जच्या स्टेडियमची दारं अडवली. साडेसतरा हजारांच्या स्टेडियममध्ये दोन-अडीच हजार लोक आत पोचले होते, बाकीचे तिकिटं घेऊन बाहेर. सामना झाला. संपल्यावर रणदिवे आपल्या खेळाडूंना भोवती घेऊन मैदानाच्या मधोमध उभा राहिला आणि माइकवर बोलला. शांततेने निषेध करायचा लोकांना हक्क आहे हे सांगितलं, आणि जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून आपला संघ लोकांबरोबर काम करेल असंही. पुढच्या सामन्यात दोन्ही संघ सरावाला क्लार्कचं नाव पाठीवर असलेले टीशर्ट घालून उतरले.

एखाद्या मालकाला हे किती सोपं होतं? पोलिसांना दोष देऊ नका म्हणणारे प्रेक्षकही तिकीट काढूनच येतात. तिकिटांचे पैसे परत द्यावे लागले ते वेगळंच. बास्केटबॉलमधले रणदिवेचे निर्णय मला फारसे आवडत नाहीत, पण त्या रात्रीच्या रणदिवेबद्दल मला आदर वाटतो. तिथे युक्ती चालणार नव्हती आणि त्याने केलीही नाही.

मालक एका रात्री बोलला. टेंपल मात्र त्याच सुमारास सॅक्रामेंटो चार्टर हायस्कूल या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेशी स्वतःला बांधून घेत होता. क्लार्क शिकला ती शाळा. मार्चच्या अखेरीला तो आणि व्हिन्स कार्टर हा दुसरा ज्येष्ठ खेळाडू वस्तीतल्या मुलांच्या सभेत बसले होते, त्यांचं ऐकायला. आणि जुलैमध्ये किंग्जने टेंपलला मेम्फिसला देऊन टाकलं. एनबीएत 'ट्रेड' होताना बहुतेकदा खेळाडूला विचारतसुद्धा नाहीत. म्हणजे ज्या गावात तुम्ही कायमचे नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तिथल्या शाळेसाठी का झटायचं? आमच्या मुलुंडच्या सोसायटीत भाडेकरू सोडाच, मालकसुद्धा जनरल बॉडीला येत नाहीत. 'दोन वर्षांनी ऑनसाइट जायचंय, कशाला डोक्याला ताप' हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय! टेंपलला तर दहा दिवसांनी ऑनसाइट जायचं असायचं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये रणदिवे आपला संघ घेऊन मुंबईत आला. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स असे दोन सामने झाले, भारतातले पहिलेवहिले एनबीए सामने. ४ तारखेचा पहिला सामना शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता, सुमारे तीन हजार मुलं. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. त्या मुलांनी जो काही गोंगाट केला म्हणता! त्यातली थोरली मुलं आज विशी ओलांडून गेली असतील. त्यातलं कुणी बास्केटबॉलवर पोट भरतं का?

आपल्याकडे याचं उत्तर बहुतेक वेळा रेल्वे, कस्टम्स, आयकर खातं किंवा एखादी बँक असं असतं. मुंबईत या खेळाची पंढरी म्हणजे नागपाडा. तिथल्या गल्ल्यांतून अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार निघाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. तिथली पोरं पिढ्यानपिढ्या खेळाच्या जोरावर नोकरीला लागली. 'प्रोफेशनल' या शब्दाचा आपला देशी अर्थ हाच: सकाळी मैदान, मग मस्टरवर सही, संध्याकाळी पुन्हा मैदान. २०१५ ते २०१७ यूबीए नावाची लीग चालली आणि बंद पडली. २०२२ मध्ये आयएनबीएल आली, तिच्यात मुंबईचा संघही खेळला. पण लीगच्या भरवशावर घरभाडं ठरवावं अशी स्थिती अजून आलेली नाही. कबड्डीत ती थोडीफार आली. सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा हॉटेलात वेटरचं काम करून खेळत होता, २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि २०१८ च्या लिलावात त्याला १ कोटी ११ लाख मिळाले. बास्केटबॉलमध्ये असा आकडा आपल्याकडे कुणाला दिसलेला नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझी घाटकोपरची भाची. नववीत आहे, मुंबई उपनगर जिल्हा संघात निवड झालीये. घरात दोन तट. ताई म्हणते खेळू दे. भावोजी म्हणतात, "अरे, खेळू नको म्हणत नाही मी. पण पुढच्या वर्षी दहावी. यातून पुढे काय, ते तू सांग. तू जग बघितलंयस." (जग म्हणजे न्यू जर्सीतले सात महिने.)

त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. मी आकडे सांगितले. अटींत बसली तर दहावीला क्रीडागुण मिळतील. राज्य, राष्ट्रीय पातळी गाठली तर पुढे राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, रेल्वेची भरती असते. कोट्यवधी रुपये नाहीत. गुडघा गेला तर यातलंही काही नाही. भावोजी अकाउंटंट आहेत, त्यांना असं सांगितलेलं आवडतं. पण हेही सांगितलं की क्रीडागुणांसाठी खेळायचं असेल तर आत्ताच सोडलेलं बरं, क्लासला तेवढेच तास मिळतील. ती रोज पहाटे साडेपाचला उठून बसने मैदानावर जाते ते गुणांसाठी नाही, हे त्यांनाही दिसतंच की. आणि गेल्या मोसमात ती जवळजवळ सगळे सामने बेंचवर होती, तरी एकही प्रॅक्टिस चुकवली नाही. एवढा एक गुण मी मुलाखतींत वर्षानुवर्षं शोधतोय, क्वचित सापडतो.

ठरलं असं की दहावीचं वर्ष स्पर्धा कमी, सराव चालू. अकरावीचं कॉलेज निवडताना कटऑफइतकंच तिथल्या कोर्टकडे बघायचं. भावोजींनी एका वहीत दोन रकाने करून तारखा लिहून घेतल्या.

भाचीला मी टेंपलची गोष्ट सांगितली. फुल कोर्ट प्रेसची सांगायला गेलो तर म्हणाली, "मामा, तो आम्ही सातवीत करायचो. आता कुणी फसत नाही." दहा दिवसांच्या करारात मात्र तिला भलताच रस. अकराव्या दिवशी काय होतं म्हणे? मी सांगितलं, त्याच संघाकडून आणखी एकदा दहा दिवस मिळू शकतात, त्यानंतर एक तर मोसमभरासाठी घ्यायचं नाहीतर सोडून द्यायचं. हे तिला अजिबात पटलं नाही. तिचं म्हणणं, युनियनने हे चालू कसं दिलं?